पार्लमेंटचा आठवडा

प्रमिला गेली हे मला मस्कतमधल्या अझैबात एका बंगल्याच्या गच्चीवर कळलं. ऑगस्टमधली सकाळ होती. मी एसीचं बाहेरचं युनिट उघडून बसलो होतो. पत्रा इतका तापला होता की पाना फडक्यात गुंडाळून धरावा लागत होता. कामात असताना मी फोन घेत नाही, पण नंबर सलालाहचा होता, माझी बायको प्रमिला तिथे नोकरीला होती, म्हणून घेतला.

"उत्तमभाई? मैं कुबरा. प्रमिला के स्कूल से."

कुबरा सलालाहच्या शाळेत प्रमिलाबरोबर शिकवायची. तिचं नाव मी ऐकलं होतं, आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो. ती म्हणाली, प्रमिला आज शाळेत आली नाही, फोनही उचलत नव्हती, म्हणून मी तिच्या खोलीवर गेले, वॉचमनकडून दार उघडून घेतलं. 

"ज्यादा बीमार है क्या?" मी विचारलं.

"भाईसाब, आपके पास कोई है? किसी को पास बुला लो."

"छत पे कौन होगा? बोलो आप."

मग तिने सांगितलं. झोपेतच गेली होती. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले.

लवकर कर म्हणून खालून घरमालकीण ओरडली, "यल्ला रफीक, एसी!" मी युनिटचं झाकण बसवलं, एसी चालू करून दिला आणि खाली उतरलो. तिने माझ्याकडे बघून काही विचारलं नाही. तिने का विचारावं?

आमच्या कंपनीचा मालक जमाल. आम्ही सगळे त्याला अर्बाब म्हणतो. तो मूळचा सलालाहच्या डोंगराकडचा. त्या दिवसांत सलालाहची विमानं भरलेली असतात, कारण तिथल्या पावसाळी हंगामात, ज्याला तेही खरीफच म्हणतात, सगळा मुलूख हिरवं बघायला तिकडे जातो. लोक सहलीला निघाले होते आणि मला बायकोला आणायला जागा मिळत नव्हती. जमालने तासभर फोन केले, मग म्हणाला, "खलास. गाडीत बस." हजार किलोमीटरचा रस्ता. नुसतं वाळवंट. तो स्वतः चालवत होता.

अर्ध्या वाटेवर, पेट्रोल भरून निघाल्यावर, त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, "तू मस्कतमध्ये, बायको सलालाहमध्ये. असं का?"

मग मी त्याला सांगितलं. तेच इथे सांगतो.

प्रमिला मस्कतच्या एका भारतीय शाळेत नववीला इतिहास शिकवायची. बारा वर्षं शिकवत होती. तिची एक पद्धत होती. कुठलीही लढाई आली की ती वर्गाचे दोन भाग करायची. खिडकीकडचे बाक एका बाजूचे, दाराकडचे दुसऱ्या बाजूचे. आणि दर रविवारी, आठवडा सुरू झाला की, बाजू बदलायची. ज्याने गेल्या आठवड्यात एक बाजू जीव तोडून मांडली, त्याने या आठवड्यात तिच्या विरुद्ध बोलायचं. मुलं कुरकुरायची, "मॅम, आत्ता कुठे जमायला लागलं होतं!" ती म्हणायची, "म्हणूनच बदला."

त्या वर्षी तिने इंग्लंडमधलं यादवी युद्ध घेतलं होतं. अभ्यासक्रमात ते दोन ओळींपुरतंच होतं, पण हिला ते आवडायचं. मला तिने स्वयंपाक करता करता सांगितलं होतं. पावणेचारशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाला वाटायचं की आपल्याला फक्त देवच जाब विचारू शकतो. पार्लमेंटमधले लोक म्हणायचे, आम्हाला विचारल्याशिवाय कर लावायचा नाही. भांडण वाढत गेलं आणि देशाचे दोन तुकडे झाले. गावागावात झाले, घराघरात झाले. बाप राजाकडे, मुलगा पार्लमेंटकडे, असं.

"मग कोण बरोबर होतं?" मी विचारलं होतं.

"तुम्ही कुठल्या बाकावर बसलाय त्यावर आहे," ती म्हणाली. "भाकरी उलटा तेवढी, करपतेय."

शाळेच्या वार्षिक कार्यक्रमासाठी तिने त्यावर नाटक लिहिलं. त्यात एक सरदार आहे. राजाचं निशाण उचलायचं काम त्याच्याकडे. त्याला मनातून राजाचं म्हणणं पटलेलं नाही. पण तो म्हणतो, मी तीस वर्षं या माणसाची भाकरी खाल्ली आहे, आता त्याला सोडणार नाही. त्याचा थोरला मुलगा पार्लमेंटच्या बाजूला. पहिल्याच मोठ्या लढाईत सरदार मरतो. निशाणाची काठी त्याच्या हातातून सोडवता येत नाही. मुलगा बापाचं प्रेत शोधत फिरतो आणि ते त्याला सापडत नाही. नाटक तिथे संपतं.

राजाचं डोकं उडवलं हे खरं आहे, पण ते सहा-सात वर्षांनी. प्रमिलाच्या नाटकात ते नव्हतंच. तिच्या नाटकातला नायक राजाचा माणूस होता. हे मी पुन्हा सांगतो, कारण नंतर हे कोणीही ऐकून घेतलं नाही.

सरदाराचं काम बंटीला मिळालं होतं. बंटी आमच्याच इमारतीतला, आमच्या वरच्या मजल्यावरचा. राकेश आणि तृप्तीचा मुलगा. ही दोघं चिपळूणकडची, आम्ही महाडकडचे. सतरा वर्षांचा शेजार. गणपतीत त्यांच्याकडून मोदक यायचे, बुद्धपौर्णिमेला आमच्याकडून खीर जायची. बंटी लहानपणी आमच्याकडेच जेवायचा. माझी मुलगी पूर्वा पुण्याला शिकायला गेली तेव्हा तो तिच्याहून जास्त रडला होता.

तो नोव्हेंबर महिना होता, दोन हजार चौदाचा. नॅशनल डेची रोषणाई लागली होती. पण त्या वर्षी सुलतान उपचारासाठी जर्मनीत होते आणि सगळ्या देशाला काळजी लागलेली होती. ओमानी लोक हळू आवाजात विचारपूस करायचे. आपले लोक त्याहून हळू. अशा दिवसांत एका संध्याकाळी बंटी जिन्यात फेऱ्या मारत पाठांतर करत होता. नाटकाचं नव्हे, वर्गातलं. तो आठवडा त्याच्या बाकाला पार्लमेंटचा होता. तो इंग्रजीत मोठ्याने म्हणत होता की राजा कायद्याच्या वर नाही, राजाला आमच्यासमोर उभं राहावं लागेल, उत्तर द्यावं लागेल. खालच्या मजल्यावरचे ओमानी गृहस्थ जिन्यात थांबून ऐकत होते. राकेश ऑफिसातून येत होता. त्याने दोघांना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आत राकेश प्रिन्सिपल नयना मॅडमच्या दारात उभा होता. प्रमिला मॅडम वर्गात राजाविरुद्ध शिकवतात, आता नाटकही बसवतायत, त्यात राजाचं डोकं उडवतात, अशी तक्रार त्याने केली. कोणी आपल्यावर बोट दाखवायच्या आधी आपणच सांगून टाकलं की आपण सुटलो, असा त्याचा हिशेब.

चार दिवस थांबला असता तर रविवार आला असता. बंटीने जिन्यात राजाची बाजू घोकली असती.

नयना मॅडमनी प्रमिलाला बोलावलं. काय झालं ते तिने मला घरी येऊन सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "जिसका नमक खाते हैं, प्रमिला, उसके घर में ये सब नहीं करते." प्रमिला म्हणाली, "मॅडम, माझा सरदारही हेच म्हणतो. नाटक वाचलंत का?" तर म्हणाल्या, वाचायची गरज काय, शेवट सगळ्या जगाला माहीत आहे. मग आवाज उतरवून म्हणाल्या, हे वरपर्यंत गेलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. तू आजारपणाचं कारण सांगून राजीनामा दे, मी तुला वाचवतेय.

वरपर्यंत काही गेलंच नव्हतं. कुठल्या ओमानी माणसाने, कुठल्या पोलिसाने, कुठल्या मंत्रालयाने एक शब्द विचारला नव्हता. सगळं आपल्याआपल्यातच झालं.

तिने राजीनामा दिला. पूर्वाचं कॉलेज चालू होतं, माझ्या एकट्याच्या पगारात भागत नव्हतं. आणि तसंही वर्गाशिवाय ती घरात राहणारी बाई नव्हती. मस्कतमधल्या शाळांतून मुलाखतीचं बोलावणं येईना. एका शाळेतली गोष्ट दुसऱ्या शाळेत जायला इथे कितीसा वेळ लागतो. एप्रिलमध्ये सलालाहच्या एका लहान शाळेने तिला घेतलं. ती गेली.

मुलांना शाळेने सांगितलं की मॅम स्वतःहून सोडून गेल्या. वार्षिक कार्यक्रमाला तीन आठवडे होते. सरदाराचा पोशाख शिवून झाला होता. त्या जागी मुलांनी कोळीनृत्य केलं.

सलालाहहून फोनवर ती नोकरीबद्दल कुरकुर करायची नाही, पगाराबद्दल नाही, राकेशबद्दलही नाही. एकच म्हणायची, "मुलांना वाटत असेल मी त्यांना अर्ध्यावर टाकून पळाले. अहो, कोणीतरी सांगायला पाहिजे त्यांना." मी म्हणायचो, सांगू. इतकी घाई काय आहे.

हे सगळं मी जमालला सांगितलं. रस्त्यावरची नजर न काढता त्याने विचारलं:

"इंग्रजांचा राजा?"

"हो."

"मेलेला?"

"कधीच."

"आणि कोणी काही म्हटलं नाही? आमच्यातलं कोणी?"

"नाही."

तो म्हणाला, "माझा बाप डोंगरात सुलतानाच्या फौजेविरुद्ध लढला. चुलता फौजेत होता. दोघांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या असतील, नसतील, अल्लाला माहीत. मग बाप खाली उतरला, बंदूक ठेवली, आणि दोघं एका ताटात जेवायला बसले. मी त्यांच्यामध्ये बसायचो." जरा वेळाने तो म्हणाला, "तुमचे लोक कोणाला घाबरले?"

 पुढे तो उंटांबद्दल बोलायला लागला, रस्त्यावर उंट होते म्हणून.

सलालाहला धुकं होतं, रिमझिम होती, लोक गाड्यांच्या टपावर मुलं बसवून फोटो काढत होते. प्रमिलाची खोली स्वच्छ होती. कुबरा माझ्याबरोबर आली होती. तिने बॅग भरायला मदत केली. मी सहज म्हणालो, "इथेही ती मुलांना दोन बाजूंना बसवत असेल. राजा आणि पार्लमेंट."

कुबराने माझ्याकडे बघितलं. "नहीं भाईसाब. यहाँ तो वो सिर्फ किताब पढ़ाती थी. किताब खोलती थी, पढ़ती थी, बंद करती थी. हम लोग सोचते थे, शांत स्वभाव की है."

शांत स्वभावाची. प्रमिला. आमच्या लग्नात भटजी नव्हता, पण जे बौद्धाचार्य होते त्यांच्याशीही तिने वाद घातला होता.

तिला गावी नेलं. जलदान विधी झाला. पूर्वाला पुण्याला सोडून मी सप्टेंबरात परत आलो. परत का आलो असं गावात विचारलं. कामासाठी, हे सांगितलं. ते खरंच होतं. पण एक काम राहिलं होतं. तो वर्ग आता दहावीत होता. मार्चमध्ये परीक्षा देऊन ती मुलं कोणी केरळला, कोणी पुण्याला, कोणी कोट्याला जाणार, इथल्या मुलांचं असंच असतं. त्याच्या आत त्यांना खरं कळायला हवं होतं. आणि ते राकेशच्या तोंडून कळायला हवं होतं. मी सांगितलं असतं तर बायकोच्या दुःखात माणूस काहीही बोलतो असं झालं असतं.

मी वर गेलो. राकेश टीव्हीसमोर होता. मला बघून उठला, दोन्ही हात धरले.

"उत्तमराव, या, बसा. तृप्ती, चहा टाक गं. काय बोलू, शब्दच नाहीत."

"एकच वाक्य पाहिजे," मी म्हणालो.

शाळेत शोकसभा ठेवली होती. नयना मॅडमनीच ठेवली होती. राकेश पालकांचा प्रतिनिधी आणि कुटुंबाचा स्नेही म्हणून बोलणार होता, हे मला आधीच कळलं होतं. मी त्याला म्हणालो, "तिथं तेवढं सांग. मॅडम स्वतःहून गेल्या नाहीत, तक्रार मी केली होती, माझी समजूत चुकली होती. मुलांसमोर सांग. माझं दुसरं काही मागणं नाही."

राकेशने टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र चालूच होतं.

"उत्तमराव, तुम्ही माझ्या जागी असता तर? पीआरओचं काम करतो मी. कंपनीच्या व्हिसाच्या कामांसाठी रोज सरकारी ऑफिसात जातो. आणि खरं सांगू का, रागावू नका, तुमच्यात ते संविधान, हक्क वगैरे जरा जास्तच असतं ना. म्हणून मला वाटलं, वहिनी खरंच काही..."

"तुमच्यात म्हणजे?"

"म्हणजे तसं नाही हो."

चहाचा ट्रे घेऊन तृप्ती दारात उभी होती. "बोलून टाकलंत ना? मग आता तसं नाही म्हणून काय उपयोग?" तिने ट्रे टेबलावर आपटला. "आणि सगळंच सांगा की. खालचे ते ओमानी काका दुसऱ्याच दिवशी मला जिन्यात भेटले. म्हणाले, तुमचा मुलगा वकील होणार, काय बोलतो! मी ह्यांना आल्या आल्या सांगितलं. म्हटलं, जा आणि मॅडमना सांगा, तक्रार मागे घेतो म्हणून. तर म्हणतात कसे, आता मागे घेतली तर मीच खोटा पडतो!"

"तृप्ती, आत जा."

"जाते. माझंच घर आहे, आत जायला मला काय." ती गेली नाही.

राकेशचं तोंड उतरलं. मग तो म्हणाला, "सांगतो. शपथ घेऊन सांगतो." आणि त्याने माझ्यासमोर ते वाक्य म्हणूनही दाखवलं. दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा त्याचे डोळे भरले. मला वाटलं, झालं. मी चहा प्यालो. साखर जास्त होती तरी प्यालो.

नयना मॅडमना मी फोन करून सांगितलं की तो दहावीचा वर्ग सभेला असू द्या. त्या म्हणाल्या, "ऑफ कोर्स, उत्तमजी. शी वॉज देअर टीचर."

शुक्रवारी दुपारी सभा होती. शाळेचा हॉल. मी गेलो तर स्टेजवर प्रमिलाचा फोटो, हार, उदबत्ती. समोरच्या खुर्च्यांवर शिक्षक, काही पालक, आपल्या मराठी मंडळातले लोक. एकही मूल नव्हतं. मी नयना मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, रविवारपासून युनिट टेस्ट आहे, आणि मुलांच्या मनावर परिणाम नको, कोवळी वयं आहेत. मी राकेशकडे पाहिलं. त्याने मान खाली घालून हळूच सांगितलं, "बंटीचाही मॅथ्सचा पेपर आहे हो."

म्हटलं, असू दे. निदान शिक्षकांसमोर बोलू दे. शिक्षक जाऊन मुलांना सांगतील.

भाषणं झाली. एका बाईने सांगितलं प्रमिला डब्यात सुक्या जवळ्याची चटणी आणायची आणि सगळ्यांना द्यायची. ते खरं होतं आणि मला बरं वाटलं. एकाने तिला मृदुभाषी म्हटलं. तो माणूस तिला कधी भेटला नसावा. मग राकेश उठला. कोट घालून आला होता. खिशातून रुमाल काढला, माइक सरळ केला.

तो म्हणाला, प्रमिलावहिनी माझ्या मोठ्या बहिणीसारख्या. माझा बंटी त्यांच्या हातचं खाऊन मोठा झाला. तो म्हणाला, त्या आदर्श शिक्षिका होत्या. मग थांबला. माझ्याकडे बघितलं, नयना मॅडमकडे बघितलं. मला वाटलं आता येतंय.

"मस्कतचा उन्हाळा त्यांच्या तब्येतीला सोसेना," तो म्हणाला, "म्हणून त्यांनी सलालाहची थंड हवा निवडली. पण नियतीच्या मनात वेगळंच होतं."

आणि रुमाल डोळ्याला लावून तो खुर्चीकडे निघाला.

मी उभा राहिलो. मला बोलता येत नाही चार लोकांत. तरी म्हणालो, "राकेश, ते वाक्य राहिलं."

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "भाईसाब, बैठिए, बैठिए, हम समझते हैं." राकेश जागच्या जागी उभा राहिला.

मी म्हणालो, "ती हवा खायला गेली नव्हती. तिला..."

"आपण सगळे," नयना मॅडम माइकवर आल्या, इंग्रजीत बोलल्या, आवाज मऊ होता, "आपण सगळे उभे राहून आपल्या लाडक्या प्रमिलासाठी दोन मिनिटं मौन पाळूया."

सगळे उठले. शंभरेक माणसं एकदम उठली. माना खाली गेल्या. हात पुढे जुळले.

मी उभाच होतो. तोंड उघडं होतं. पुढचे शब्द जिभेवर होते. आणि ते मौन प्रमिलासाठी होतं. तिच्यासाठी शंभर माणसं गप्प उभी होती आणि त्यात मी, तिचा नवरा, कसा बोलू? मी तोंड मिटलं. मान खाली घातली. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं, हिला हे कळलं असतं तर हसली असती. मग वाटलं, नाही, हसली नसती. चिडली असती. म्हणाली असती, बोला की, कशाला घाबरता, मी काय ऐकतेय थोडीच. पण मी बोललो नाही. मिनिटं दोनच होती की जास्त, मला माहीत नाही. माझ्या शेजारच्या माणसाने हळूच घड्याळ बघितलं.

"ओम शांती," नयना मॅडम म्हणाल्या. "बाहेर चहाची सोय केलेली आहे."

मी माइककडे गेलो तेव्हा शाळेचा माणूस वायर गुंडाळत होता. लोक येऊन माझे हात हातात घेत होते. धीर धरा. देवाची मर्जी. पूर्वाला सांभाळा. मी प्रत्येकाला ते वाक्य सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी हात दाबला आणि पुढे गेले. समोशाचा वास येत होता.

राकेश गाडीपाशी आला. "उत्तमराव, बघितलंत ना, मी बोलणारच होतो. वातावरणच तसं नव्हतं. पुढच्या महिन्यात पालक सभा आहे, तिथं घेतो विषय. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला तू म्हणू नकोस," मी म्हणालो. "जमालने म्हटलं की तो करतो तरी."

त्यानंतर राकेशने लिफ्ट वापरायला सुरुवात केली. मी जिन्याने जातो.

ऑक्टोबर संपता संपता बंटी मला जिन्यात भेटला. उंच झाला होता, मिसरूड फुटली होती. बाजूला सरकून उभा राहिला. मग अडखळत म्हणाला, "काका, मॅम आमच्यावर... अँग्री होत्या का?"

"का रे?"

"नाही, म्हणजे... त्यांनी बाय पण नाही केलं. आम्ही सगळे क्लासमध्ये म्हणतो की आमचं अॅक्टिंग बॅड होतं, म्हणून त्या बोअर झाल्या. आणि मी... मी लाइन्स विसरायचो ना, सरदारच्या."

मी जिन्याचा कठडा धरला. त्या मुलाने वर्षभर हे डोक्यात ठेवलं होतं. निशाण धरणारा सरदार तोच होता, आणि प्रमिला म्हणायची की त्याच्याइतकं चांगलं ते काम कोणालाच जमलं नसतं.

"तू काही चुकला नाहीस," मी म्हणालो. "मॅम तुम्हाला सोडून गेल्या नव्हत्या."

"मग?"

वरून राकेशचा आवाज आला. "बंटी! कुठे राहिलास? ट्यूशनला उशीर होतोय." तो कठड्यावरून वाकून बघत होता. त्याने मला पाहिलं. आम्ही तिघं तसेच उभे होतो, एक वर, एक खाली, आणि मुलगा मध्ये.

"तुझ्या बाबांना विचार," मी म्हणालो. "त्यांना माहीत आहे."

बंटीने वर बघितलं. "बाबा?"

"तू वर ये आधी," राकेश म्हणाला. "सांगतो मग."

बंटी वर गेला. दार लागल्याचा आवाज आला. मी बराच वेळ जिन्यात उभा होतो. तृप्तीचा आवाज चढला, मग राकेशचा, मग टीव्ही मोठा झाला.

पालक सभा झाली. त्यात स्कूल बसच्या भाड्यावर चर्चा झाली. राकेश त्यावर चांगलं बोलला असं ऐकलं. जानेवारीत बंटी मला पार्किंगमध्ये दिसला, त्याने "हॅलो काका" म्हटलं आणि खाली बघत निघून गेला. तृप्तीला मी विचारलं. ती म्हणाली, "भावोजी, मी सांगितलं असतं. पण त्याची दहावी आहे, परीक्षेआधी बापाबद्दल हे कसं सांगू? परीक्षा होऊ दे."

मार्चमध्ये परीक्षा झाली. बंटीला कोट्याला पाठवलं. वर्गातली बाकीची मुलंही गेली, काही मायदेशी, काही दुसऱ्या शाळांत. माझा व्हिसा जमालने आणखी दोन वर्षांसाठी करून दिला आहे. प्रमिलाला घालवलं होतं, आणि का घालवलं, हे त्या मुलांपैकी एकालाही अजून कोणी सांगितलेलं नाही.